पत कास्तकाराची, जोखीमही त्याचीच?

मार्च महिना सरत आला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील सेवा सहकारी संस्थांच्या आणि बँक शाखांच्या दारात 'नवे-जुने' करणाऱ्यांची गर्दी होते. जुने पीककर्ज भरावयाचे आणि त्याच जमिनीवर, त्याच नावाने नवे कर्ज उचलावयाचे, असा हा व्यवहार. सोयाबीन, कापूस आणि तूर मिळेल त्या भावाने विकून झालेली असते. त्या पैशात दुकानदाराची उधारी, मजुरी, मुलांचे शिक्षण आणि दवाखाना भागलेला असतो. भरण्याइतकी रोकड घरात नसलेला कास्तकार मग चार-आठ दिवसांच्या बोलीवर सावकाराकडून पैसा घेतो, बँकेत भरतो आणि नवे कर्ज हाती पडताच सावकाराचे मुद्दल आणि व्याज चुकते करतो. पेरणीसाठी म्हणून मंजूर झालेल्या रकमेतून पेरणीसाठी हाती उरते ते थोडेच. बियाणे आणि खत पुन्हा उधारीवर येते.

बँकेच्या दप्तरात मात्र या खात्यावर 'नियमित परतफेड' असा शेरा पडतो. शाखेची वसुलीची टक्केवारी वाढते, थकबाकीचा आकडा खाली येतो, वरिष्ठ कार्यालय समाधान पावते. ज्या कर्जाची परतफेड पिकातून झालेली नाही, ते कर्ज कागदोपत्री निर्दोष ठरते. येथे नेमके काय घडले, हे विचारणे आवश्यक आहे. बुडण्याचा धोका नाहीसा झाला काय? तो नाहीसा झालेला नाही. बँकेच्या वहीतून निघून तो कास्तकाराच्या घरात जाऊन बसला, आणि तो उचलून नेण्याच्या कामी सावकार उपयोगी पडला. वऱ्हाडातील शेतीच्या पतपुरवठ्याचे सारे दुखणे या एका व्यवहारात साठलेले आहे.

कर्ज कसे ठरते

कोणतीही बँक कर्ज देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहते: मागणाऱ्याची परतफेडीची कुवत, त्याने देऊ केलेले तारण आणि त्याचा पूर्वेतिहास. पीककर्जाच्या बाबतीत या तिन्हींचे ठरावीक कागद झालेले आहेत. सातबारा आणि आठ-अ यांवरून जमीन किती आणि कोणाच्या नावे, हे ठरते. दर हेक्टरी कोणत्या पिकास किती कर्ज द्यावे याचा दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दर वर्षी ठरवते. त्या दराने क्षेत्राला गुणले की कर्जाची मर्यादा निघते. अन्य बँकांचे देणे नाही असे बेबाकी दाखले घ्यावे लागतात. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास जमीन गहाण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढे गहाणखत आलेच.

पूर्वेतिहासासाठी आता पतमापन संस्थांचा गुणांक पाहिला जातो. यांतील सर्वांत परिचित सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. पतमाहिती संस्थांचा कायदा २००५ साली आला. तीनशे ते नऊशे यांमधील एक आकडा माणसाची पत सांगतो. पीककर्जासाठी हा गुणांक मागू नये, असे राज्य सरकार बँकांना वारंवार बजावत आले आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना तसा इशारा पुन्हा दिला. परंतु बँकेचा शाखाधिकारी मंत्र्यांच्या भाषणापेक्षा आपल्या लेखापरीक्षकाला अधिक भितो, ही वस्तुस्थिती आहे. खाते बुडाले तर जाब त्याला विचारला जाणार. खाते नाकारले तर त्याला कोणीही विचारणार नाही. या रचनेत 'नाही' म्हणणे हाच सर्वांत सुरक्षित निर्णय ठरतो.

या सर्व कागदांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांतील प्रत्येक प्रश्न माणसाला विचारलेला आहे. तू कोण, तुझे काय आहे, तू यापूर्वी कसा वागलास? पाऊस कसा पडतो, विहिरीला पाणी गोडे आहे की खारे, कापसाचा भाव उत्पादनखर्चाला पुरतो की नाही, हे प्रश्न त्या अर्जात नाहीत. आणि वऱ्हाडात कर्ज फिटणे वा न फिटणे मुख्यत्वे याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

जमीन तारण कशी झाली

हा प्रकार आजचा नव्हे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे जमिनीची मोजणी होऊन रयतवारी पद्धतीने सारा ठरला. जमिनीवर रयतेचा हक्क कागदावर आला, आणि जो हक्क विकता येतो तो गहाणही टाकता येतो. याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, खामगाव, अकोला, अमरावती या पेठा भरभराटीस आल्या. युद्ध १८६५ साली संपले आणि भाव कोसळले. सावकाराच्या वहीतील आकडा मात्र कोसळला नाही. जागतिक बाजारातील चढउताराची किंमत काळ्या मातीतल्या कुणब्याने मोजावी, हा पायंडा तेव्हाच पडला.

सरकारला या बाजाराची काळजी नव्हती असे नाही. कारंज्याची कापूस बाजारपेठ १८८६ साली नियमनाखाली आली, ती देशातील पहिली नियमित बाजारपेठ मानली जाते. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वजनमाप, अडत, दलाली यांना शिस्त लागली. कारण कापूस सुरळीत बंदरावर पोहोचणे गिरणीमालकांच्या हिताचे होते. त्या कापसाच्या पेरणीला पैसा कोठून येतो आणि कोणत्या व्याजाने येतो, याची चौकशी मात्र दीर्घकाळ झाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. मंदीच्या काळात शेतमालाचे भाव मातीमोल झाले, तेव्हा मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज लवादाचा कायदा झाला. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्या कायद्याशी जोडले जाते. त्या कायद्यामागे एक महत्त्वाची कबुली होती: भावच कोसळले असतील तर कर्जाचा आकडाही तडजोडीने खाली आला पाहिजे, सारा तोटा ऋणकोने सोसावा हा न्याय नव्हे. आज पंजाबरावांच्या नावाने राज्य सरकारची व्याज सवलत योजना चालते. मुदतीत परतफेड करणाऱ्यालाच तिचा लाभ मिळतो. ती मुदत पाळण्यासाठी सावकाराकडे जावे लागते, हा दैवदुर्विलास पंजाबरावांच्या जिल्ह्यातच पाहावयास मिळतो.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे एक सदस्य होते, त्या समितीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. व्यावसायिक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज देत होते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी सहा बँका सरकारच्या ताब्यात आल्या, ते या पार्श्वभूमीवर. बँकांनी एकूण कर्जाच्या ४० टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्रांना आणि त्यांपैकी १८ टक्के शेतीला द्यावे, असे बंधन आले. या बंधनामुळे बँक प्रथमच खेड्यात पोहोचली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्रुटी राहिली ती वेगळ्या ठिकाणी. किती कर्ज द्यावयाचे हे सरकारने ठरवले. पीक बुडाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे पुरेशा निर्धाराने ठरवले गेले नाही.

ऊस आणि कापूस

बँका सांगतात की वऱ्हाडात वसुली कमी आहे, म्हणून कर्ज कमी. पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्याशी तुलना केली जाते आणि त्यातून जणू वऱ्हाडी माणसाच्या नीतिमत्तेवर निष्कर्ष काढला जातो. ही तुलना खोलात जाऊन तपासली पाहिजे.

उसाला कालव्याचे वा विहिरीचे पाणी आहे. एका पावसाने तो पूर्णपणे जात नाही. ऊस कारखान्यालाच घालावा लागतो, आणि कारखाना बिलातूनच सोसायटीचे कर्ज कापून घेतो. म्हणजे उसाच्या कर्जाची वसुली शेतकऱ्याच्या सचोटीवर टाकलेली नसून ती पाणी आणि कारखाना या दोन व्यवस्थांनी हमखास करून ठेवलेली आहे. कापसाला असे काही नव्हते काय? होते. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा पणन महासंघाच्या केंद्रावर आलेल्या कापसाच्या चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज वळते करून घेण्याची सोय होती. त्या योजनेत चुकारे रखडले, प्रतवारीत गैरप्रकार झाले, आणि शेजारच्या राज्यांत भाव अधिक असला की कापूस सीमेपलीकडे गेला. हे सारे खरे आहे. परंतु २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी करून एकाधिकार संपवला गेला, तेव्हा भावाच्या हमीबरोबर कर्जवसुलीची ती साखळीही तुटली. सरकारने व्यवस्था मोडली आणि बँकांनी ठपका ठेवला तो शेतकऱ्याच्या पतीवर.

पाण्याची गोष्ट तर याहून उघड आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. तेथे विहीर खोदूनही पीक वाचत नाही, उलट त्या पाण्याने जमीन बिघडते. अशा गावच्या दहा एकरवाल्याची पत आणि कृष्णाकाठच्या दोन एकरवाल्याची पत एकाच कागदावर मोजता येत नाही. प्रादेशिक असमतोलाची पाहणी करणाऱ्या दांडेकर समितीने विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष १९८४ सालीच मांडला होता. जो धोका सरकारच्या अपुऱ्या गुंतवणुकीतून निर्माण झाला, त्याची गणना बँक कास्तकाराच्या वैयक्तिक उणिवेत करते.

याशिवाय कोरडवाहू शेतीच्या कर्जात एक मूलभूत अडचण आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. बँक शंभर वेगवेगळ्या व्यवसायांना कर्ज देते तेव्हा त्यांतील पाच बुडाले तरी पंच्याण्णव तगतात आणि त्यांच्या व्याजातून तोटा भरून निघतो. एका तालुक्यातील शंभर कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बाबतीत असे होत नाही. पावसाने ताण दिला तर शंभरही जणांचे सोयाबीन एकदमच वाळते. बोंडअळी आली तर ती शेजाऱ्याचे शेत सोडून देत नाही. म्हणून गावपातळीवरची सोसायटी किंवा जिल्हा बँक हा धोका एकटी पेलूच शकत नाही. तो राज्य वा राष्ट्र पातळीवरच पेलता येतो, कारण सर्व देशात एकाच वर्षी सर्व पिके बुडत नाहीत.

ही गोष्ट १९५४ च्या समितीला पूर्णपणे ठाऊक होती. तिच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने १९५६ साली राष्ट्रीय कृषी पत स्थिरीकरण निधी उभारला. दुष्काळात अल्पमुदती पीककर्जाचे मध्यममुदती कर्जात रूपांतर करता यावे, सोसायटी बुडू नये आणि शेतकऱ्याला नवे कर्जही मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की आजही कर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूद आहे. पण ती कशी चालते? खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. पुनर्गठन केले की पहिल्या वर्षानंतर व्याजसवलत जाते, आणि नवे कर्ज मिळण्याची खात्री नसते. म्हणून कास्तकार पुनर्गठनाच्या वाटेला जाण्याऐवजी सावकाराच्या पैशाने नवे-जुने करतो. पीकविम्याची गत अशीच आहे. १९८५ पासून नाव बदलत आलेल्या विमा योजनांचा हिशेब शेतागणिक होण्याऐवजी मुख्यत्वे क्षेत्रागणिक होत आला आहे. महसूल मंडळाची सरासरी ठीक निघाली तर बुडालेल्या शेताला भरपाई नाही.

ठेवीदाराचा प्रश्न

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. बँकेतला पैसा बँकेचा नसतो, तो ठेवीदारांचा असतो. त्यांत निवृत्त शिक्षक आहे, विधवा आहे, हमाल आहे. परतफेडीचा विचार न करता कर्जे वाटली तर बुडतो तो हाच सामान्य माणूस. हा आक्षेप खरा आहे, आणि समाजवादी विचाराच्या माणसाने तो हसण्यावारी नेता कामा नये. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१४ साली परवाना नाकारला, तेव्हा ठेवीदारांचे किती हाल झाले हे विदर्भाने पाहिले. त्याच वर्षी केंद्राने देशातील अशा तेवीस जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांत या तीन होत्या. त्या वर्षांत त्या तीन जिल्ह्यांतल्या हजारो शेतकऱ्यांना आपली हक्काची बँक असून नसल्यासारखी झाली.

परंतु या बँका कशाने खिळखिळ्या झाल्या, हेही सांगितले पाहिजे. नागपूर जिल्हा बँकेला २००२ साली सर्वांत मोठा हादरा बसला तो पीककर्जाने नव्हे. सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी म्हणून खाजगी दलाल कंपन्यांना सव्वाशे कोटींहून अधिक रुपये दिले गेले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. ज्या बँकेत पाच हजारांच्या कर्जासाठी कास्तकाराला जामीनदार उभे करावे लागत, तेथे एवढी रक्कम कोणत्या तारणावर बाहेर गेली? ठेवीदार आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. दोघांचे हित एकच आहे: बँकेचा कारभार उघड असणे.

दोन न्याय

मोठ्या कर्जदारांकडे वळले की जोखमीची परिभाषाच बदलते. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत अनुसूचित व्यापारी बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्यांपैकी सुमारे ७ लाख ४१ हजार कोटी मोठ्या उद्योगांचे आणि सेवाक्षेत्राचे होते. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, वसुलीचा हक्क कायम राहतो, असे अर्थमंत्रालय सांगते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याच उत्तरात निर्लेखित कर्जांतून झालेली वसुली सुमारे २ लाख ५ हजार कोटी दाखवली होती. सातांपैकी एक रुपया परत आला.

जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीविषयी जे परिपत्रक काढले, त्यानुसार हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकांना तडजोड करता येते, आणि तडजोड केलेल्या कर्जदाराला किमान बारा महिन्यांनंतर पुन्हा कर्ज देण्याची वाट मोकळी राहते. इकडे अकोट वा दर्यापूर तालुक्यातला कास्तकार एकरकमी तडजोड करून खाते मिटवतो, तेव्हा त्याच्या नोंदीवर 'सेटल्ड' हा शेरा राहतो आणि पुढल्या खरिपात त्याच शेऱ्यावर बोट ठेवून त्याला परत पाठवले जाते. एकाच्या बाबतीत तोटा हा धंद्याचा भाग मानला जातो. दुसऱ्याच्या बाबतीत तो स्वभावदोष ठरतो. थकबाकीदार सभासदावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि जमीन महसुलाप्रमाणे वसुली सुरू होते.

शेतीसाठी राखलेल्या अठरा टक्क्यांचेही तेच. १९९१ नंतर 'शेतीकर्ज' या शब्दाची व्याख्या वरचेवर रुंदावत गेली आणि महानगरांतील शाखांतून दिलेली मोठ्या रकमेची कर्जेही त्यात मोजली जाऊ लागली. जी बँक लक्ष्य गाठत नाही ती नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत ठेव ठेवून मोकळी होते; २०१६ पासून तर दुसऱ्या बँकेकडून अग्रक्रमाची प्रमाणपत्रे विकत घेण्याची सोय झाली आहे. लक्ष्य कागदावर पूर्ण होते आणि अचलपूरचा अर्ज पडून राहतो.

माफी आणि तिच्या मर्यादा

कर्जमाफीवर नाक मुरडणाऱ्यांत सामील होण्याचे कारण नाही. पीक बुडाल्याचा तोटा ज्या समाजाने वेळेवर वाटून घेतला नाही, त्याने तो उशिरा वाटून घेणे म्हणजे माफी. पण तिच्या आखणीत वऱ्हाडवर अन्याय झाला, हे विसरता येत नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात अमरावती आणि अकोला होते. थकलेल्या व्याजाचे ७१२ कोटी त्यात माफ झाले, मुद्दल राहिले. २००८ च्या केंद्रीय माफीत पूर्ण लाभासाठी दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली. पाच एकर बागायत आणि पाच एकर कोरडवाहू यांना एकाच मापाने मोजल्यामुळे सात-आठ एकर काळी कोरडवाहू जमीन कसणारा वऱ्हाडी शेतकरी 'अन्य शेतकरी' ठरला. उरलेले देणे भरल्याखेरीज त्याला सवलतही मिळणार नव्हती. २०१७ साली दीड लाखापर्यंत आणि २०१९ अखेरीस दोन लाखांपर्यंत राज्याची माफी आली. प्रत्येक वेळी माफी थकबाकीदाराला मिळाली. सावकाराच्या पैशाने नवे-जुने करून ज्याने बँकेचे खाते निर्मळ ठेवले, तो नियमित कर्जदार म्हणून तिच्यातून सुटला. त्याच्या वाट्याला आलेच तर थोडे प्रोत्साहन अनुदान आले. सावकाराचे देणे कोणत्याही यादीत नव्हते.

बँकेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांची संख्या तर याहून मोठी आहे. मक्त्याने किंवा बटईने शेत करणारा भूमिहीन, नवऱ्याच्या नावावरील जमीन कसणारी बाई, वडिलांच्या नावाचा सातबारा अद्याप न फुटलेला मुलगा, यांच्या नावे कागद नाही म्हणून पत नाही. विदर्भाचा कूळ कायदा १९५८ सालचा. कूळ लागेल या धास्तीने मालक मक्ता लिहून देत नाही, आणि लिहिलेला नाही म्हणून बँक तो मानत नाही. पेरणीचा सारा धोका ज्याच्या शिरावर, त्यालाच पतव्यवस्थेत अस्तित्व नाही. हा कागद माणसाचा मृत्यूनंतरही पाठलाग करतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जे निकष राज्य सरकारने २००६ साली ठरवले, त्यांत स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावे जमीन असणे आणि बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकार यांचे कर्ज थकलेले असणे अपेक्षित होते. बिनपरवाना सावकाराचे देणे हिशेबात धरले जाणार नव्हते. बँकेने ज्याला सावकाराकडे पाठवले, त्याची विधवा त्याच कारणासाठी 'अपात्र' ठरू शकत होती.

काय मागावयाचे

कर्जमाफीची मागणी आज ना उद्या पुन्हा उभी राहणारच; तिच्याबरोबर पतव्यवस्थेची मांडणी बदलण्याची मागणी उभी राहिली नाही तर चार वर्षांनी तीच यादी नव्याने करावी लागेल. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत येताच अर्ज न मागता कर्जाचे रूपांतर झाले पाहिजे, त्याची व्याजसवलत पूर्ण मुदतीसाठी राहिली पाहिजे आणि त्याच खात्यावर नवे पीककर्ज देणे बँकेवर बंधनकारक झाले पाहिजे. त्याचा भार १९५६ च्या कल्पनेप्रमाणे राष्ट्रीय निधीने उचलावा. कापूस, तूर आणि सोयाबीन यांची हमीभावाने खरेदी हंगामाच्या आरंभीच सुरू व्हावी आणि तिच्या चुकाऱ्याशी कर्जवसुली जोडली जावी. प्रत्यक्ष पेरा कोणाचा, याची गावपातळीवर नोंद होऊन मक्तेदार-बटईदार आणि कसणाऱ्या स्त्रिया यांना त्या नोंदीवर कर्ज मिळावे. मालकी हक्काला त्याने बाध येणार नाही, अशी कायद्यात स्पष्टता असावी. आणि कर्ज नाकारणाऱ्या बँकेने नकाराचे कारण अर्जदाराला मराठीत, लेखी आणि ठरावीक दिवसांत द्यावे.

यांतील शेवटची मागणी सर्वांत लहान दिसते, परंतु तिच्यापासून आरंभ करता येतो. तोंडी नकाराचा कोठेच हिशेब राहत नाही, म्हणून जिल्हास्तरीय बैठकीत बँका केवळ वाटपाची टक्केवारी मांडतात आणि निभावून नेतात. मे आणि जून महिन्यांत प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी परत पाठवल्या गेलेल्या अर्जदारांची यादी करावी. अर्जाची पोच मागून घ्यावी. गावातून मार्चअखेर नवे-जुने करण्यासाठी किती घरांनी बाहेरून पैसा घेतला आणि किती व्याजाने, याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. त्या नोंदी घेऊन अमरावती आणि अकोल्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकासमोर आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसावे. बँकेच्या वसुलीच्या टक्केवारीत सावकाराचा पैसा किती, हा आकडा एकदा उघड्यावर आला की कास्तकाराच्या पतीविषयी बोलण्यापूर्वी बँकांना आपल्या पतीविषयी बोलावे लागेल.